चिठ्ठीवरची चिंचोळी

मला माझ्या मानलेल्या भावानं फसवलं. भवानी पेठेत आमच्याच गल्लीत त्याचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. अकरा वर्षं मी त्याला राखी बांधली आणि त्यानं मला कारखान्याचा पत्ता खोटा लिहून दिला. गल्लीत मात्र गोष्ट वेगळी फिरते. गल्लीत म्हणतात, बाई बस चुकली. बाईला सोलापूर कळत नाही.

मला सोलापूर कळत नाही! लग्न होऊन मैंदर्गीहून आले तेव्हापासून टॉवेल-नॅपकिनांचं गाठोडं डोक्यावर घेऊन हे शहर मी दाराशी दाराशी विकत फिरले आहे. होटगी रोडच्या बंगल्यांत कोणत्या फाटकाला कुत्रं आहे, जुळे सोलापुरात कोणत्या बाईला उधारीशिवाय झोप येत नाही, हे मला विचारा. कोणती रिक्षा कुठून सीटवर जाते, पुढच्या सीटला कोण जास्त घेतो, कोणता थांबा पाटीवर आहे पण बस तिथं थांबत नाही, हे सगळं माझ्या तळपायांना पाठ आहे. गाठोड्यावरून मी ओट्यावर आले, तो ओटा त्याच्याच दुकानापुढचा. ते उपकार मी नाकारत नाही. ओट्यावरून गेल्या वर्षी स्वतःचा गाळा घेतला. भांडून, घासून, मालकाला तीनदा रडवून घेतला.

गाळा झाला, पण फळ्या रिकाम्या. इथंच सगळं अडलं होतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. कारखान्यात त्यांची तपासणी होते. काठ वाकडा, धागा सुटलेला, कोपऱ्यात तेलाचा ठिपका, असा टॉवेल बाजूला पडतो. त्याला आम्ही सेकंड म्हणतो. अंग पुसायला तो पहिल्या नंबराइतकाच चांगला, फक्त साहेबाच्या डोळ्याला चालत नाही. हा सेकंडचा माल आजवर मी ह्या भावाकडूनच घेत आले. तो कारखान्यातून आणायचा, वर आपला हात ठेवायचा आणि मला द्यायचा. हात किती जड होता हे मला गाळा घेताना हिशेब मांडला तेव्हा कळलं. म्हणून ठरवलं, आता माल थेट कारखान्यातून.

अशात एका गिऱ्हाईक बाईकडून कळलं की एक मोठा कारखाना साठलेला सगळा सेकंड माल एका सकाळी बोलीवर काढणार आहे. साडेअकराला गेट बंद, आत असेल तो बोली लावणार, बाहेर असेल तो बाहेर. बाईचा नवरा तिथं शिलाईत होता, पण तो गावी गेलेला, आणि तिला कारखान्याचं नाव तेवढं ठाऊक. गाळ्याचं उद्घाटन बोलीनंतर चार दिवसांनी. हा माल मिळाला तर माझ्या फळ्या भरतात आणि मी कुणाच्या हाताखालची राहत नाही. नाही मिळाला तर परत त्याच ओट्यावर, त्याच भावापुढं हात पसरून.

आणि मी मूर्ख, पत्ता त्यालाच विचारायला गेले.

सोलापूर माझं पाठ होतं, पण एमआयडीसी नव्हती. कारखान्याच्या भागात दारोदार टॉवेल कोण विकतं? माल तर हाच आणून द्यायचा. तो गल्ल्यावर बसला होता. कारखान्याचं नाव ऐकून क्षणभर त्याचा पेनाचा हात थांबला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दर सांगताना असा हात थांबला की समोरचा खोटं बोलणार, हे मी नवख्या पोरींना शिकवते.

"जा की अक्का, चांगलं हाय," तो म्हणाला. "पत्ता सांगत बसत न्हाई, लिहूनच देतो. तू आपली चुकायला नको."

दुकानाच्या बिलाच्या पाठीवर त्यानं लिहिलं, छान वळणदार अक्षरात. कारखान्याचं नाव, आणि खाली: एमआयडीसी, चिंचोळी.

"पुण्याच्या अंगाला जायाचं," तो म्हणाला. "एसटी धर, चिंचोळीला उतर, कुनीबी सांगल. मी काय येत न्हाई, मला दुकानातली कामं हायत."

मी सकाळी सव्वाआठला घर सोडलं. मी कुठंही तासभर आधी पोहोचते. मैंदर्गीच्या बाजारात आई मिरच्या विकायची. उशिरा आलेल्याला उन्हातली जागा मिळते, हे मला चालायच्या आधी कळलेलं. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, गल्ल्यातले पैसे कमरेला. कन्ना चौकातून सीटवर रिक्षा धरली, स्टँडवर आले, मोहोळकडची लाल गाडी उभीच होती. बायकांना अर्धं तिकीट. अर्ध्या तिकिटात खिडकी मिळाली की मला इतका आनंद होतो की कंडक्टरला पूर्ण द्यावंसं वाटतं. देत नाही. पुणे नाका मागं पडला, वारा तोंडावर यायला लागला आणि मी मनातल्या मनात फळ्या लावायला घेतल्या. खाली मोठे टॉवेल, मधे हाताचे, वर नॅपकिन.

चिंचोळीला उतरले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. मी एका गेटवर विचारलं, दुसऱ्यावर विचारलं. कुणी औषधाचं नाव सांगे, कुणी लोखंडाचं. टॉवेल कुणीच सांगेना. अर्धा तास पाय तुडवल्यावर एका वॉचमनमामांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"ह्यो कारखाना हितं न्हाई बाई."

"असं कसं? लिवलंय की."

"लिवल्यालं मला दिसतंय. पन कारखाना तितं हाय, अक्कलकोट रोडला. माझा साडू हाय तितं कामाला."

"मामा, सोलापुरात एमायडीसी किती हायत?"

"दोन," मामा म्हणाले. "एक हितं, एक तितं. मदी सगळं सोलापूर."

राग आला की माझे कान तापतात आणि पाय आपोआप चालायला लागतात. मी हमरस्त्याकडं निघाले आणि चालता चालता त्याला फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"अक्का, पोचलीस व्हय? सापडलं न्हवं?"

त्याच्या मागं पंखा घरघरत होता. बरीच माणसं बोलत होती आणि एक आवाज मोठ्यानं विचारत होता, "च्या आनि कुनाला पायजे? बोलीच्या आदी घ्या, मागनं मिळनार न्हाई!"

"दादा, तू कुटं हायस?" मी विचारलं.

"दुकानातच की. आवाज तुटतोय अक्का, रेंज न्हाई—"

त्याच्या दुकानात पंखा नाही. गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे, मी दहादा सांगितलं होतं, दुरुस्त कर.

आता सगळं स्वच्छ झालं. तो कारखान्यात जाऊन बसला होता, चहा पीत होता, आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला हमरस्त्यावर उभी होते. घड्याळात पावणेदहा. साडेअकराला गेट बंद. मधे सगळं सोलापूर.

आणि खरं सांगते, त्या क्षणी मला जी तरतरी आली तशी त्याआधी कधी आली नव्हती. बाजारात कुणी मला अडवलं, दराला हटून बसलं, की माझ्या अंगात कुणीतरी ढोल वाजवायला लागतं. तो ढोल तिथं वाजायला लागला. मी पदर खोचला आणि पहिली दिसली त्या एसटीपुढं जवळजवळ आडवीच झाले.

ती गाडी थांबली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या, वर चढले. कंडक्टर बाई होती, माझ्याच वयाची, कानात मोठ्या कुड्या.

"जीव वर आलाय व्हय बाई?"

"जीव न्हवं, माल चाललाय हातातला." मी तिला सगळं सांगितलं, तिकीट फाडायच्या आत. अख्खी गाडी ऐकत होती.

"भाऊ म्हनायचं का कोन!" मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली. "त्याच्या राखीला काटं लावा पुढल्या साली."

कंडक्टर मात्र कामाची होती. "स्टँडच्या भाईर ऱ्हावा. दहा नंबरची शिटी बस, थेट तितं जाती, अक्कलकोट रोडला. रिक्षावाल्यांच्या नादाला लागू नका, तोंड बघून रेट लावत्यात. दहा नंबर. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

दहा नंबर, दहा नंबर. मी वाटभर घोकत होते. दारोदार फिरताना ज्या बस लागायच्या त्यांचे नंबर मला पाठ, पण ही तिकडची, माझ्या कधी कामाची नव्हती. साडेदहाला गाडी स्टँडात शिरली, ती पुरती थांबायच्या आत मी उतरले आणि धावत बाहेर आले.

एक चूक माझी झाली, ती लपवत नाही. बाहेर तीन रिक्षा उभ्या होत्या. पहिल्यानं जो दर सांगितला तो ऐकून माझा संताप झाला. सकाळपासून एका माणसानं फसवलं तेवढं पुरे होतं. मी त्याच्याशी भांडत राहिले. तो एक पायरी खाली आला, मी दोन खाली खेचला, तो हसला, मी चिडले, आणि त्या भांडणात पाच मिनिटं गेली. शेवटी माझ्याच दराला तो हो म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "आता फुकट न्हेलास तरी बसत न्हाई," आणि पाठ फिरवली. हा माझा स्वभाव आहे. त्यानं मला गाळा दिला आहे आणि त्यानंच किती गाड्या चुकवल्या आहेत.

तेवढ्यात ऐकू आलं, "हत्तु, हत्तु, हत्तु, हत्तु!"

मैंदर्गीत आम्ही घरी मराठी बोलतो, पण बाजार कन्नडात. आई मिरच्या मोजायची ती ओंदु, एरडु, मूरु. अंक मी मराठीच्या आधी कन्नडात शिकले. हत्तु म्हणजे दहा. डोक्यात तर दहा नंबरच घुमत होता. समोर पांढरी वडाप गाडी, म्हणजे सीटवर भरून जाणारी जीप, दार उघडं, पिकल्या मिशांचा ड्रायव्हर दाराला थाप मारून ओरडतोय, हत्तु हत्तु. म्हटलं, देवच पावला, दहा नंबरच्या वाटेला हा दहा रुपयांत नेतोय. मी उडी मारून आत बसले. मी बसले तशी गाडी भरली आणि निघाली.

गाडी जोरात होती. खिडकीतून शिरणारा वारा, माझी घाई आणि त्याची घाई एकच. सात रस्ता आला, गाडी वळली, मला वाटलं आडवाटेनं नेतोय. मी शेजारच्या काकांना उगाच हसून दाखवलं. मग विजापूर रोडची ओळखीची दुकानं दिसायला लागली. मी ती ओळखते, तिथल्या तीन बायका माझ्याकडून पडद्याचं कापड घेतात. अक्कलकोट रोडवर विजापूर रोडची दुकानं कशी?

तेवढ्यात ड्रायव्हरनं आरशातून तीस रुपये मागितले.

"तीस?" मी म्हणाले. "तूच दहा दहा वरडत होतास की!"

"मी कवा दहा म्हनालो?"

"हत्तु हत्तु कोन करत होतं मग, तुजी सासू?"

शेजारचे काका असे हसायला लागले की त्यांची टोपी पडली. पुढच्या बाकावरच्या दोन बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

"अक्का," ड्रायव्हर स्वतःही हसत होता, "हत्तु म्हंजे चढा! गाडीत चढा म्हनून वरडतोय मी. हत्तु, हत्तु. वर चढा, वर चढा."

"मला कन्नड शिकवतोस व्हय? मी मैंदर्गीची हाय."

"मैंदर्गीची असून हत्तु कळंना? दोन्ही एकच शबुद हाय की. दहा बी हत्तु आनि चढा बी हत्तु!"

तो म्हणत होता ते बरोबर होतं. मैंदर्गीच्या बसला लोंबकळताना लहानपणी शंभरदा ऐकलेला शब्द. पण मी आयुष्यभर हत्तु म्हणजे दर ऐकत आले. बाजारातलं माणूस ना मी. माझ्या कानात कुणी काहीही घातलं तरी आत आकडाच पोहोचतो.

"ही गाडी कुटं चाललीय?"

"मंद्रूपला."

"थांबव! आत्ता थांबव!"

त्यानं थांबवली. मी पैसे पुढं केले तर त्यानं घेतले नाहीत. "ऱ्हाऊ द्या अक्का, एवढं हसवलंत. भाडं फिटलं." मला फुकटचं आवडत नाही, पण भांडायला वेळ नव्हता. अकराला दहा कमी होती.

उलट दिशेची सीट रिक्षा धरून सात रस्त्यावर आले. इथं ज्यानं कुणी नाव ठेवलं त्यानं माझी चेष्टाच केली. सात रस्ते आणि माझा कोणता? मी पानवाल्याला विचारलं, भाजीवालीला विचारलं, हवालदाराला विचारलं. आमच्या शहराची एक गंमत आहे, इथं पत्ता विचारला की जे उरलेलं नाही त्याचं नाव सांगतात. पानवाला म्हणाला, टॉकीजवरनं जा. टॉकीज बंद पडून किती वर्षं झाली. भाजीवाली म्हणाली, गिरणीपासनं वळा. गिरणीच्या जागी मोकळं मैदान. हवालदार म्हणाला, नाक्यावर उतरा. तिथं आता नाका नाही, जकात नाही, जकात घेणारा नाही. परक्या माणसाला वेड लागेल. पण मी गाठोडं घेऊन फिरलेली. टॉकीज चालू असताना तिच्या दारात मी रुमाल विकले आहेत. प्रत्येक नाहीशी झालेली जागा मला तिच्या जागी दिसत होती. तिघांची नावं जोडली आणि रस्ता झाला: गुरुनानक चौक, तिथून अशोक चौक, आणि अशोक चौकात दहा नंबर.

गुरुनानक चौकापर्यंत एक रिक्षा. मधली जागा मिळाली, एका बाजूला कोंबडीची जाळी, दुसरीकडं कॉलेजची मुलगी. मुलीनं विचारलं, "काकू, परीक्षा आहे का तुमची?" म्हटलं, "व्हय, आन् पेपर फुटलाय." पुढची रिक्षा अशोक चौकाची. त्यात पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी सीट होती, एक पाय बाहेर. मी बसले. ह्या वयात, नऊवारी नाही म्हणून बरं. वळणावर मी हाताने पोलादी दांडा धरला होता आणि मनात म्हणत होते, चल, चल, चल. समोरून बैलगाडी आली तरी मी तिला हाताने बाजूला केली असती.

अशोक चौकात उतरले आणि पाहिलं. लाल-पांढरी सिटी बस थांब्यावरून नुकती हलत होती. कपाळावर दहा. मराठीत दहा, अंकात दहा, कुणी ओरडून सांगायची गरज नाही. मी धावले. आजूबाजूचे लोक ओरडले, "अवो थांबवा, बाई हाय!" बसनं वेग कमी केला. एका पैलवानासारख्या माणसानं पायरीवरून हात दिला आणि मी वर. तिकीट घेताना मला धाप लागली होती, पण मी कंडक्टरला दोनदा विचारलं, "दहाच न्हवं ही? नक्की दहा?"

"बाई, अकरा पायजे असली तर मागनं येतीया," तो म्हणाला.

शांती चौक गेला. रस्ता मोठा झाला, गर्दी मागं राहिली, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. पिळलेल्या सुताचा, रंगाचा वास आला. तो वास आला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. अकरा वीस. बसनं मला एमआयडीसीच्या तोंडाशी सोडलं. कारखाना आत, बरंच आत. "दीड मैल आसल," तिथला टपरीवाला म्हणाला. दीड मैल दहा मिनिटांत, डोक्यावर ऊन.

मी चालायला लागले. चालत नव्हते, पळत होते. मागून सुताच्या पोत्यांनी भरलेला ट्रक आला, विजापूरकडचा, पुढं कन्नडात देवाचं नाव रंगवलेलं. मी हात केला. कारखान्याचं नाव ओरडले. ड्रायव्हरनं मान हलवली, तोही तिथंच चालला होता. त्यानं डावीकडचं दार ढकललं आणि म्हणाला, "हत्तु अव्वा."

ह्या वेळी मला आकडा ऐकू आला नाही. चढले.

ट्रक वॉचमनच्या समोरून, उघड्या फाटकातून थेट आत गेला. माझ्या मागं फाटक लागलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो, लोखंडावर लोखंड.

शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत तो. मला पाहून त्याचा चहाचा ग्लास तोंडाशी तसाच राहिला.

"अक्का! तू हितं कशी?"

"बसनं," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले. घामानं चिंब, केस सुटलेले. त्याच्या रुमालानंच तोंड पुसलं.

बोलीत दोनच ढीग होते, एक रंगीत नॅपकिनांचा, एक पांढऱ्या मोठ्या टॉवेलांचा. मला टॉवेल हवे होते. पण नॅपकिन आधी निघाले आणि माझ्या डोक्यातला ढोल अजून थांबला नव्हता. मी नॅपकिनांवर तुटून पडले. प्रत्येक बोलीला अशी पुढं सरकत होते जसा माझा जीव त्या नॅपकिनांत अडकला आहे. तो माझ्याकडं बघत होता. मला देणार नाही, हे त्याच्या मानेवर लिहिलं होतं. तो वर जात राहिला, मी ढकलत राहिले, आणि तो अगदी टोकाला गेला तेव्हा मी हात खाली घेतला. शांतपणे. नॅपकिन त्याचे झाले. पांढऱ्या टॉवेलांच्या वेळी त्याच्या खिशात दम उरला नव्हता.

चार दिवसांनी गाळ्याच्या फळ्या भरलेल्या होत्या. खाली मोठे टॉवेल, मधेही मोठे टॉवेल. वरची नॅपकिनांची फळी रिकामी ठेवली, ती मला बघायला आवडते.

मग भांडण कशाचं, असं माझी थोरली जाऊ म्हणते. माल मिळाला, सोडून दे. मी माल घेऊन आले आणि त्याच संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर तो सांगत होता, "अक्का बस चुकली की! मंद्रूपच्या गाडीत बसली!" मंद्रूपची गोष्ट खरी, ती मीच हसत सांगितली होती. पण तेवढीच उचलली त्यानं. आता पेठेत पोरंसुद्धा मला बघून "हत्तु, हत्तु" करतात. मी हसते. तो शब्द माझाच आहे, मला त्याचं काही नाही. चिंचोळीचं मात्र आहे.

तोंडावर विचारलं तेव्हा म्हणाला, "अक्का, दोन्ही एमायडीसीच की. हातानं सवयीनं चिंचोळी लिवलं गेलं." सवयीनं! चिंचोळीत टॉवेलचा एक ढीग त्यानं कधी उचलला नाही. आणि हाताला इतकी सवय होती, तर त्याच सकाळी त्याचे पाय अक्कलकोट रोडला कसे गेले? दुकानात आहे म्हणून सांगताना मागं पंखा कुणाचा फिरत होता?

राखीला त्यानं बायकोच्या हाती साडी पाठवली. मी पुडी न उघडता परत दिली. मला साडी नको. ती चिठ्ठी माझ्या गल्ल्यात आहे, त्याच्याच दुकानाच्या बिलावर, त्याच्याच वळणदार अक्षरात. त्यानं चौकात यावं, त्याच टपरीवर उभं राहावं, ज्यांना ज्यांना "बस चुकली" सांगितलं त्यांच्यासमोर ती चिठ्ठी मोठ्यानं वाचावी आणि एवढंच सांगावं: चिंचोळी कोणी लिहिलं, आणि कशासाठी?